न मागितलेलं पान

आमच्या कॉलनीत बिगोनियाचं पान कुणी मागून घेत नसे. मागून घेतलेलं पान लागत नाही, चोरून आणलेलं लागतं, अशी समजूत होती. पान मातीत जाईपर्यंत आणणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा तिचा दुसरा भाग. ही समजूत मराठी घरांनी जबलपूरला येताना सोबत आणली की इथंच उचलली, हे मला कुणी सांगू शकलं नाही. पाळत मात्र सगळ्या. शेजारीण दुपारी आडवी झाली की तिच्या व्हरांड्यात शिरायचं, नखानं देठ तोडायचा आणि पान पदराखाली धरून घर गाठायचं. वाटेत कुणी हाक मारली तर नुसती मान हलवायची. जिचं पान गेलं ती संध्याकाळी मोठ्यानं म्हणायची, "आज आमच्याकडं शेळी येऊन गेली बाई." शेळी कोण ते तिला बरोबर माहीत असे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात या समजुतीपायी माझ्या वडिलांचा उजवा हात मोडला. नंतर जे झालं तेही त्याच हाताचं झालं.

बाबा तोफांच्या कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंडाचा तुकडा फिरत असतो, त्याला हत्यार लावून सोलत सोलत मापात आणायचं, हे त्यांचं काम. हत्यार पुढं सरकवायची मूठ ते उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी फिरवत. किती सरकवली हे त्या बोटांना कळे. डोळे दुसरीकडं असले तरी चाले. कारखान्याचं क्वार्टर, माझं कॉलेज, गावी आजीला जाणारी मनिऑर्डर, सगळं त्या तीन बोटांवर चालत होतं. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

बिगोनिया आईचे. मागच्या व्हरांड्यात माठाच्या घडवंचीखाली आणि खिडकीजवळच्या फळीवर तिनं ते लावले होते. जबलपूरचा उन्हाळा या झाडाला मानवत नाही. लू लागली की पानांच्या कडा एका दुपारीत करपतात. म्हणून माठातून झिरपणारं पाणी ज्या विटांवर पडे, त्या विटांवर ती कुंड्या ठेवी. खाली ओल, वर सावली. पानांवर पाणी पडू द्यायचं नाही. माती वरून कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही. खत म्हणजे बांबूच्या बेटाखालचा कुजलेला पाला, आणि त्यात नर्मदेची रेती.

झाडं सांभाळायची तिची रीत निर्दय होती. पानावर भुरीचा पांढरा ठिपका दिसला की ती अख्खं झाड उपटून चुलीत घालत असे. चिकट्या किडीला काडीनं घासलेट लावी आणि ती वळवळायची थांबेपर्यंत बघत उभी राही. रोप करायचं तर पान उलटं घालून, बाबांच्या दाढीच्या जुन्या पात्यानं त्याच्या जाड शिरा जिथं फुटतात तिथं चिरायच्या, पान ओल्या रेतीवर ठेवायचं, आणि केसांच्या आकड्यांनी खिळायचं. वर लोणच्याची काचेची बरणी उपडी. जिथं शीर कापली तिथंच मूळ फुटतं. न कापलेलं पान नुसतं सडतं.

तिच्याकडचं सगळ्यात मोठं झाड तळहाताएवढ्या पानांचं होतं. कडा वाइनसारख्या लाल, मधे चांदीचा पट्टा, पानाची मागची बाजू लालभडक आणि लवदार. त्याचं जाड खोड मातीवर आडवं पसरलेलं. कॉलनीत या जातीचं दुसरं एकच झाड होतं, आमच्या ओळीच्या टोकाला राहणाऱ्या चार्जमन काकांकडं. ते आमच्याच झाडाचं. काकूंनी कधीतरी दुपारी पान नेलं होतं, आणि आईनं संध्याकाळी शेळीचा उद्धार केला होता. काका बाबांच्याच सेक्शनला होते, एक पायरी वर. मराठी घर, त्यामुळं गणपती एकत्र, तिळगूळ एकत्र.

युद्ध सुरू झालं तेव्हा कारखान्याच्या पाळ्या बारा तासांच्या झाल्या. तयार झालेल्या तोफा पलीकडच्या माळावर डागून बघत. एरवी ते आवाज दुपारी थोडा वेळ येत. आता दिवसभर यायला लागले. ब्लॅकआउटसाठी काचांवर तपकिरी कागद चिकटवला होता, त्यामुळं काच हादरली की कागद फडफडायचा आणि मग स्फोट ऐकू यायचा. घरासमोर खंदक खणले होते. कुत्री त्यात पडत आणि केकाटत.

अशाच एका दुपारी फळी सरकली. कुंड्या फरशीवर आल्या. मोठ्या झाडाचं खोड तीन ठिकाणी तुटलं, पानं देठातून गेली. तुटलेलं खोड कोरडं ठेवायचं असतं, हे आईनंच इतर बायकांना शिकवलं होतं. पण त्या आठवड्यात तिच्या हाताला चैन नव्हती. ती पाणी घालत राहिली. खोड मऊ पडलं, दाबलं तर बोट आत जाई. पानांचा काळा चिखल झाला. तिनं ते चुलीत घातलं नाही. कुंडी तशीच ठेवली आणि रोज तिच्याकडं बघत भाकरी थापू लागली.

बाबांनी ते पाहिलं. "टोकाच्या घरून आणून देतो," ते म्हणाले.

"दुपारी मीच जाईन."

"दुपारी ती माऊली झोपते कुठं आता? पोरगा फौजेत आहे तिचा. रेडिओजवळ बसून राहते दिवसभर."

"मग राहू द्या."

"संध्याकाळी पाळीवरून येता येता आणतो. दोन मिनिटांचं काम."

"अंधारात काहून जाऊन राहिले? बंदी आहे ना."

"कॉलनी आपलीच आहे."

त्याच दिवसांत शहरातल्या गढा भागाच्या बाजारात एका आरसे विकणाऱ्याला लोकांनी मारलं होतं. तो विमानांना आरशानं खुणा करतो, असं कुणीतरी म्हणालं. त्याचे आरसे त्याच्याच अंगावर फोडले. मी कॉलेजातून परतताना रस्त्यावर काचा होत्या आणि एक दुकानदार बादलीनं पाणी ओतून पायरी धूत होता. त्या माणसाचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. कारखान्याची कॉलनी म्हणून आमच्याकडं तर गस्तच होती. तरुण कामगार हॉकी स्टिक आणि बांबू घेऊन अंधार पडला की फिरत. कुणाच्या फटीतून उजेड दिसला की दारावर काठी. आमच्या ओळीच्या गस्तीचे प्रमुख चार्जमन काका होते.

त्या संध्याकाळी काय झालं ते मी नंतर तिघांकडून ऐकलं. गस्तीतल्या एका पोराकडून, काकांकडून आणि बाबांकडून. मुख्य गोष्टी जुळतात.

बाबा पाळी संपवून निघाले तेव्हा दिवस मावळला होता. अंगात तेलानं काळे झालेले कपडे, थंडी म्हणून डोक्यावर माकडटोपी, तोंडाचा भाग खाली ओढलेला. सायकल त्यांनी कोपऱ्यावर लावली आणि काकांच्या व्हरांड्यात शिरले. पान चाचपून तोडलं. तेवढ्यात गस्त वळली.

"कौन है?"

बाबा थांबले. बोलले नाहीत.

"अबे बोल! कौन है वहाँ?"

त्यांनी मान हलवली. अंधारात ती कुणाला दिसली नाही. मग ते पायरी उतरून घराच्या दिशेनं चालू लागले. पळाले नाहीत, यावर तिघांचं एकमत आहे. पहिला बांबू गुडघ्याच्या मागं बसला. ते कोसळले आणि त्यांनी उजवी मूठ छातीशी धरली.

"मुट्ठी में कुछ है!"

"नक्शा होगा साले के पास. खोल!"

पाठीवर, बरगड्यांवर, मानेवर मारलं. किती जण होते याबद्दल सांगणी वेगळी आहेत. मूठ उघडेना. मग दोघांनी मनगट धरून हात पायरीच्या कडेवर टेकवला आणि एकानं हॉकी स्टिकची जाड बाजू त्यावर घातली. काकांचा आवाज त्यात होता. "खोल, नहीं तो तोड़ देंगे." गस्तीतल्या पोरानं सांगितलं की हुकूम त्यांचाच होता. काकांनी सांगितलं की त्यांनी फक्त टॉर्च धरला होता. बाबा म्हणाले, अंधारात मला काय दिसणार.

बोटं मोडली तशी मूठ उघडली. टॉर्चला निळा कागद लावलेला होता, त्या उजेडात रक्तही काळं दिसलं.

"पत्ता है," एक पोरगा पान बघून म्हणाला आणि हसला. "अरे, पत्ता है यार!"

काका हसले नाहीत. पान त्यांच्याच घरचं होतं. त्यांनी खाली वाकून माकडटोपी वर ओढली.

"भाऊ?"

बाबांनी डाव्या हातानं पानाचा चेंदामेंदा उचलला आणि उठायचा प्रयत्न केला.

त्यांना खाटेवर घालून घरी आणलं तेव्हा आई कणीक मळत होती. मी कंदिलाची वात आणखी खाली केली. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं मागच्या बाजूला वळली होती, मधल्या बोटाचं हाड कातडीबाहेर आलं होतं. ओठ फाटला होता. शुद्धीवर होते. आईनं विचारलं, काय झालं, कुणी केलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. डावी मूठ तिच्यापुढं उघडली आणि हनुवटीनं रेतीच्या खोक्याकडं खूण केली.

आईनं खोकं ओढलं. पानाचा मधला तुकडा, जिथून शिरा फुटतात तो, शाबूत होता. तिनं पात्यानं बाजूचा चिखल कापून टाकला, शिरा चिरल्या, केसातले आकडे काढून तुकडा रेतीवर खिळला, बरणी उपडी घातली. तिच्या हातांना कणीक होती, ती रेतीत मिसळली. सगळं होईपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही. गस्तीची पोरंसुद्धा दारात उभी होती.

मग बाबा म्हणाले, "पाणी दे."

काका उंबऱ्यावर होते. "भाऊ, काहून बोलले नाही? एक शब्द बोलले असते, आपलं नाव घेतलं असतं..."

"बोललो असतो तर पान लागलं नसतं."

"अन् हात?" आई म्हणाली. "हात लागते का?"

दवाखान्यात काय सांगायचं ते काकांनी सुचवलं. सायकलवरून खंदकात पडले. गस्तीनं मारलं असं सांगितलं तर चौकशी लागेल, बाबा दुसऱ्याच्या व्हरांड्यात अंधारात काय करत होते हे विचारतील, आणि युद्धाच्या दिवसांत संशयावरून माणूस कामावरून काढला जातो. "दोघांचंबी जाईल," ते म्हणाले. त्यात खोटं नव्हतं. बाबा सायकलवरून खंदकात पडले.

युद्ध लवकर संपलं. प्लास्टर त्यानंतर बरेच दिवस होतं. काढलं तेव्हा अंगठा ठीक होता. त्याच्या शेजारची दोन बोटं अर्धवट वाकलेली राहिली, आकड्यासारखी. ती पुरती मिटत नव्हती आणि चटकन उघडतही नव्हती. बाबा रोज गरम मिठाच्या पाण्यात हात बुडवून डाव्या हातानं ती बोटं वाकवत. वाकवताना त्यांच्या तोंडून आवाज निघे. आई त्या वेळी स्टोव्हला पंप मारायची, गरज नसताना.

लेथवर परत घेण्याआधी सेक्शनमध्ये एक तुकडा मापात करून दाखवायचा होता. नापास झाले तर हेल्पर, पगार कमी, क्वार्टर लहान. परीक्षा घेणार चार्जमन. आदल्या संध्याकाळी काका आमच्याकडं आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"वहिनी, फिकीर नका करू. उद्या मीच आहे."

"तेव्हाबी तुम्हीच होते," आई म्हणाली.

काकांनी चहा घेतला नाही.

परीक्षेत बाबांनी तुकडा केला. काकांनी त्याच्या मधल्या भोकात माप बघायचा गेज घातला. तो सैल गेला. तुकडा खराब झाला होता. बाबा शेजारी उभे होते, त्यांना लोखंडावर लोखंडाचा खुळखुळ आवाज ऐकू आला. काकांनी गेज काढून कापडानं पुसला आणि मोठ्यानं म्हणाले, "ओके. चलो, कामाला लागा." दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. बाबांनी हे आम्हाला त्या वेळी सांगितलं नाही. सांगितलं ते फार उशिरा, आणि त्यातही तक्रार नव्हती. मला लेथ पाहिजे होता, एवढंच म्हणाले.

रेतीतला तुकडा थंडीभर तसाच पडून होता. होळीच्या सुमारास चिरलेल्या शिरांजवळ केसाळ लालसर कोंब दिसले. आईनं बरणी काढली नाही, कुणाला दाखवलंही नाही.

मे महिन्यात कारखान्यात पत्र्याखाली उभं राहवत नाही. हाताला घाम सुटतो. लेथवर लोखंड सोललं जाताना त्याची तापलेली लांब फीत निघते आणि कामाभोवती गुंडाळू बघते. ती हुकानं ओढून बाजूला करायची असते. बाबांच्या हातात हुक होता. हुक फितीत अडकला. अशा वेळी हुक सोडून द्यायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. बाबा सोडायला बोटं उघडू गेले आणि ती वेळेवर उघडली नाहीत. फीत, हुक आणि हात मिळून लोखंड धरून फिरवणाऱ्या चकात गेले. शेजारच्या टर्नरनं मशीन बंद केलं. तेवढ्या वेळात मनगटापुढचा हात उरला नव्हता. भिंतीवर, छताच्या कैचीवर रक्त होतं. दवाखान्यात कोपराखाली कापला.

काका त्यांना उचलून बाहेर आणणाऱ्यांत होते. त्यांचा शर्ट पुढून भिजला होता, आणि तोच शर्ट घालून ते आम्हाला सांगायला आले.

बाबांना घरी आणलं त्या दिवशी दुपारी, सगळ्या आळीच्या झोपायच्या वेळी, आईनं खलातला लोखंडी बत्ता उचलला. ती टोकाच्या घराकडं चालत गेली. मी मागोमाग गेले. तिनं काकांच्या व्हरांड्यातली पहिली कुंडी फोडली तेव्हा काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"अवं, काय करून राहिल्या!"

आईनं दुसरी फोडली. मग तिसरी. ती घाई करत नव्हती. एकेक कुंडी जमिनीवर घेई, बत्ता घाली, मग पायानं झाड चिरडी. बिगोनियाचे देठ रसाळ असतात, चिरडताना फसफस आवाज येतो. खापरीचा तुकडा उडून तिच्या पिंढरीत घुसला, तिनं तो काढला नाही. दोन्ही बाजूंच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. कुणी हात धरला नाही.

काका बनियनवर बाहेर आले. "फोडू दे," काकूंना म्हणाले. "फोडू दे तिला."

शेवटी लाल कडांचं ते झाड राहिलं, आमच्याच झाडाचं पोर. काकांनी ते स्वतः उचललं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं.

"हेबी घ्या, वहिनी."

आईनं बत्ता खाली टाकला. "हे तुमच्या हातानं."

काका कुंडी घेऊन समोरच्या खंदकापाशी गेले. तो अजून बुजवला नव्हता, अर्धा कचऱ्यानं भरला होता. त्यांनी कुंडी डोक्यावर उचलून त्यात आपटली, आणि परत येऊन पायरीवर बसले. ती तीच पायरी होती.

बाबांना स्टोअरमध्ये हत्यारं देण्याघेण्याचं काम मिळालं, कमी पगाराचं. आम्ही लहान क्वार्टरमध्ये गेलो. रेतीतल्या कोंबांची रोपं झाली होती. आईनं ती वेगळ्या कुंड्यांत लावली आणि माठाखालच्या विटांवर ठेवली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यांना चांदीचा पट्टा आला. दुपारी आमच्या व्हरांड्यात कुणी शिरलं नाही. नव्या घराच्या शेजारणी झाडाकडं दुरून बघत आणि नजर काढून घेत.

मग एका सकाळी, चांगलं ऊन असताना, आईनं पात्यानं पान कापलं आणि रस्त्यानं जाणाऱ्या शेजारणीला हाक मारली.

"हे घे."

"असं नको, वहिनी. मी येईन ना कधी."

"घे म्हणते. अन् बोलत जा."

"काय बोलू?"

"काहीबी बोल. घरी जाईपर्यंत तोंड बंद करायचं नाही. मी ऐकून राहिले इथून."

ती बाई पान पुढं धरून, मागं वळून बघत चालू लागली. पनागरचा मटार आला, एवढा महाग काहून झाला, मागच्या आठवड्यात काय भाव होता, हे ती रस्त्याच्या मध्यातून मोठमोठ्यानं सांगत गेली. दारांतून माणसं बघत होती. आई तिचा आवाज ऐकू येईपर्यंत फाटकाशी उभी राहिली.

त्या हिवाळ्यात आईनं कितीतरी पानं दिली. एकदा काकू आल्या, फाटकाबाहेर थांबल्या. आईनं त्यांनाही पान दिलं, आणि त्यांनाही बोलत जायला लावलं. काकू रामरक्षा म्हणत गेल्या.

बाबा तेव्हा व्हरांड्यात खुर्चीवर बसत. पान घेऊन गेलेली बाई पुन्हा दिसली की ते विचारत, "लागलं?"

"लागलं, दादा."

"बोलत गेली होती ना?"

"हो. सगळ्यांनी ऐकलं."

मग ते मान हलवत, आणि उजव्या बाहीचं मोकळं टोक डाव्या हातानं आत खोवून घेत.